मिग-२१ छोटं होतं, वेगवान होतं, रडारही नवीन होतं, मग रिटायर का केलं? (उत्तर जरा लांबलंय)

आधी तुमचा प्रश्न परत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तुमचं म्हणणं असं की मिग-२१ बायसन (आपल्याकडचं शेवटचं, सुधारलेलं मिग-२१) आकाराने एवढंसं, रडारवर कमी दिसायचं, मॅक २ ला, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाला जायचं, वर त्यात नवीन रडार आणि मिसाईल पण बसवून झाली होती, मग २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप द्यायची एवढी घाई काय होती, तिकडं अमेरिकेचं बी-५२ सत्तर वर्षं उडतंय, आणि बदली म्हणून येणारं तेजस तर स्पीडला मिगपेक्षा कमीच आहे. शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की उडवायची नसतील तर निदान ड्रोन तरी करा.

मी हवाई दलात एअरफ्रेम ट्रेडला, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामाला होतो, नंतरची बरीच वर्षं एनडीटीमध्ये गेली, म्हणजे विमान न फोडता त्याच्या आत कुठे क्रॅक आहे का ते शोधायचं काम. त्यामुळे हे उत्तर पायलटचं नाही, हँगरमधल्या माणसाचं आहे. आणि इथं लिहितोय ते सगळं उघड माहितीतलं आहे, कुठल्या टेल नंबरला काय सापडलं होतं ते विचारू नका, सांगणार नाही.

तुम्ही तीन प्रश्न एकात घातलेत असं मला वाटतं. विमान काय करू शकतं हा एक, समोरच्याला ते किती लांबून दिसतं हा दुसरा, आणि त्याचा सांगाडा अजून किती दिवस भरवशाचा आहे हा तिसरा. पहिल्या दोघांवर यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत. तिसऱ्यावर कोणी बोलत नाही कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं, पण विमानाचं रिटायरमेंट बहुतेक वेळा तिसऱ्यावर आणि त्याला लागून येणाऱ्या सुट्या भागांवर ठरतं.

रडारचं आधी उरकून घेतो. मिग-२१ समोरून लहान दिसतं हे खरं आहे. खुल्या लिखाणात त्याचा समोरचा आरसीएस, म्हणजे रडारला ते केवढं वाटतं तो आकडा, दोन-तीन चौरस मीटर असा दिलेला असतो. अधिकृत आकडा कोणी देत नाही आणि देणारही नाही, पण तेवढा धरून चालू. आता गंमत अशी आहे की रडारची पल्ल्याची ताकद या आकड्याच्या चौथ्या मुळावर चालते. म्हणजे आरसीएस निम्मा केला तर रडार तुम्हाला निम्म्या अंतरावर नाही पकडत, ८४ टक्के अंतरावर पकडतं. दहावा हिस्सा केला तरी ५६ टक्के. अंतर खरोखर निम्मं करायचं तर आरसीएस सोळा पट कमी पाहिजे, आणि एक दशांशावर आणायचं तर दहा हजार पट. म्हणूनच स्टेल्थ विमानाचा आकार पहिल्या रेघेपासून वेगळा काढावा लागतो. जुन्या विमानाला रंग फासून थोडंफार मिळतं, अमेरिकेनं एफ-१६ ला हॅव ग्लास नावाखाली रडार शोषणारा रंग आणि सोनेरी झाक असलेली कॅनोपी दिली, त्यानं फरक पडतो पण एफ-१६ चं काही एफ-३५ होत नाही.

दुसरं म्हणजे मिगचं नाकच उघडं आहे. मध्ये शंकू आणि भोवती हवा आत घ्यायचं गोल तोंड. रडारची लहर त्या तोंडातून आत शिरते, डक्टमधून इंजिनाच्या कॉम्प्रेसरपर्यंत जाते आणि फिरणाऱ्या पात्यांवरून परत येते. त्या परत आलेल्या लहरीत पात्यांच्या फिरण्याचा ठसा असतो, आणि आजची चांगली रडारं त्यावरून समोर कुठल्या जातीचं इंजिन आहे याचा अंदाज बांधतात. म्हणजे नुसतं दिसणं नाही, ओळख पण पटते. आणि हे सगळं रिकाम्या विमानाचं झालं. लढाईला जाताना खाली जादा इंधनाचे ड्रॉप टँक, पंखाखाली सामान टांगायचे पायलॉन, त्यावर मिसाईल, प्रत्येक कोपरा लहर परत पाठवतो. छोटेपणाचा खरा फायदा डोळ्याला होता. जवळच्या लढाईत समोरून येणारं मिग-२१ पटकन नजरेत येत नाही. २००४ ला ग्वाल्हेरला कोप इंडिया सरावात अमेरिकन एफ-१५ वाल्यांना बायसननं चकवलं त्याची चर्चा खूप झाली, त्यात हा लहान आकार होता, जॅमर होता, हेल्मेटमधून नेम धरणारी आर-७३ मिसाईल होती, आणि आपल्या लोकांनी आखलेले डाव पण होते. ते सगळं श्रेय 'रडारवर दिसत नाही' या एका गोष्टीला देऊ नका.

लपायचं असेल तर त्या काळी आकारापेक्षा उंची जास्त कामाला यायची. पृथ्वी गोल आहे त्यामुळे जमिनीवरच्या रडारचा अँटेना समजा ९ मीटर उंच आणि विमान १०० मीटरवरून येतंय, तर साधारण ५४ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय ते दिसतच नाही, मग आरसीएस कितीही असू द्या. पण तेच विमान बघायला ९ किलोमीटर उंचीवर अवॅक्स, म्हणजे पाठीवर मोठं रडार घेऊन फिरणारं विमान असेल तर क्षितिज चारशे किलोमीटरच्या पलीकडे जातं. जोडीला डॉप्लर रडार आलं, ते जमिनीच्या गोंधळातून हलणारी वस्तू वेगळी काढतं, आणि तिथे वेग तुमच्या विरोधात जातो कारण जेवढ्या जोरात तुम्ही रडारच्या दिशेने येता तेवढे जमिनीपेक्षा वेगळे उठून दिसता. आफ्टरबर्नर लावून, म्हणजे इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून आलात तर उष्णता बघणारे इन्फ्रारेडवाले वेगळेच खूष.

आता मॅक २. हा आकडा खोटा नाही पण तो कधीचा आहे ते बघा. १२-१३ किलोमीटर उंचीवर, अंगावर फारसं काही न टांगता, आणि टाकीतलं इंधन बदाबदा ओतत. समुद्रसपाटीजवळ तेच विमान १३०० किलोमीटर ताशीच्या आसपास थांबतं. मिगची नोकरीच वेगळी होती, खालून सरळ वर चढायचं, उंचीवरचा बाँबर गाठायचा, मिसाईल सोडायचं, घरी यायचं. त्या कामात ते अफाट होतं. बिसच्या, म्हणजे ज्या मिग-२१ वरून पुढे बायसन झालं त्याच्या, आर-२५ इंजिनाला तर एक जादा आफ्टरबर्नर होता, साधारण चार किलोमीटर उंचीच्या खाली दोन-तीन मिनिटं वापरायचा, थ्रस्ट ९.९ टनांच्या घरात जायचा आणि चढण सेकंदाला सव्वादोनशे मीटरपर्यंत. अर्थात त्या दोन-तीन मिनिटांचा हिशोब नंतर इंजिन शॉपमध्ये चुकता करायला लागायचा. पण वळायला लागलं की त्रिकोणी डेल्टा पंख ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा खातो आणि वेग झपाट्याने उतरतो, २३ चौरस मीटरच्या पंखावर तेवढं वजन पेलायचं म्हणजे उतरताना पण ताशी ३०० किलोमीटरच्या वर स्पीड ठेवायला लागतो. नवशिक्या पोरांना तेच जड जायचं, २००८ ला हॉक येईपर्यंत आपल्याकडे मधली पायरी म्हणावी असं ट्रेनर जेटच नव्हतं. त्यात सिंगल इंजिन आणि पुढं उघडं तोंड म्हणजे पक्षी आत गेला की संपलं. 'उडती शवपेटी' म्हणणारे लोक हे सगळे अपघात विमानाच्या वयावर टाकतात. ते मला पटत नाही, निम्म्या गोष्टी डिझाईनमध्ये पहिल्या दिवसापासून होत्या.

आता माझ्या शेतातला विषय.

विमानाचं वय वर्षांत मोजायचं नसतं, निदान फक्त वर्षांत तर नाहीच. तीन मीटर एकाच वेळी पळत असतात. एक उड्डाणाचे तास आणि त्या तासांत किती जी ओढले (म्हणजे वळताना वजन किती पट झालं), दुसरा लँडिंगची संख्या, तिसरा कॅलेंडर. रशियन विमानांत हे कागदावरच असतं, इतके तास किंवा इतकी वर्षं, जे आधी भरेल ते. अमुक एका विमानासाठी यातलं नेमकं कुठलं आधी भरेल हे पूर्णपणे ते कुठं उभं होतं आणि कसं उडवलं यावर आहे, सरसकट उत्तर नाही.

पहिला मीटर फटीगचा, म्हणजे धातू थकण्याचा. पंख ७ जी च्या वळणात विमानाच्या सात पट वजन पेलतो आणि सरळ उडताना एक पट, ही वरखाली एका उड्डाणात कितीतरी वेळा होते. धातू तुटण्याच्या जवळपासही न जाता हळूहळू थकतो. आणि हा हिशोब सरळ चालत नाही, ताण दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, धातू आणि जोडणी बघून दहा-वीस पटीने खाली येऊ शकतं. म्हणून एकाच लॉटमधली दोन विमानं, तास सारखे, पण एक स्क्वाड्रनमध्ये डॉगफाईटच्या सरावात पिदडलेलं आणि दुसरं नुसतं एका बेसवरून दुसऱ्यावर सरळ उडालेलं, यांचं खरं वय वेगळं असतं. लाल परीचं उदाहरण घ्या, रोज कसारा घाट चढणारी गाडी आणि रोज नगर-सोलापूर सरळ रस्त्यावर पळणारी गाडी, किलोमीटर सारखे असले तरी चॅसीखाली वाकून बघणाऱ्याला दोन्ही सारख्या दिसत नाहीत. बी-५२ ही दुसरी गाडी आहे. त्याला लढाऊ विमानासारखं वळायचंच नसतं. शिवाय सत्तर वर्षं जुनं आहे ते डिझाईन, आज उडणारी एच मॉडेल १९६२ पर्यंत बनली आणि अमेरिकेनं त्यांची आयुष्यमर्यादा पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून ३२,५०० ते ३७,५०० तास अशी धरलीय. लढाऊ विमानाला एवढे तास स्वप्नात पण नाहीत. एफ-१६ बघा, मूळ ८,००० तास, मजबुतीचं काम करून १२,००० पर्यंत वाढवले तर त्याची बातमी झाली. आणि बी-५२ ला पण त्रास झालाच आहे, साठच्या दशकात रडार चुकवायला त्यांना जमिनीलगत उडवायला घेतलं आणि खालच्या खडबडीत हवेनं सांगाड्याचा दम काढला. जानेवारी १९६४ ला एका बी-५२ चं अख्खं उभं शेपूट हवेत तुटून गेलं, तरी क्रूनं ते उतरवलं. त्याचा बिनशेपटीचा फोटो नेटवर सहज सापडेल, बघाच.

क्रॅक सुरू कुठून होतो तर बहुतेक वेळा भोकापासून. रिव्हेटचं भोक, बोल्टचं भोक, पॅनेलचा कोपरा. आमचं काम म्हणजे त्या भोकात पेन्सिलीसारखा एडी करंटचा (धातूत छोटा विद्युतप्रवाह फिरवून भेग शोधणारा) प्रोब घालून हळू फिरवायचा आणि स्क्रीनवरचा ठिपका कसा हलतो ते बघायचं. आधी एका नमुन्याच्या तुकड्यावर, ज्यात मुद्दाम माहीत मापाची चीर पाडलेली असते, त्यावर मशीन लावून घ्यायचं, मग विमानावर जायचं. ठिपका उडाला की लगेच क्रॅक म्हणायचं नाही, भोकाची कड खरवडलेली असू शकते, शेजारी स्टीलचा बोल्ट असू शकतो, प्रोब तिरका झाला असेल. परत फिरवायचं, साफ करून परत, मग दुसऱ्या माणसाला न सांगता त्याच भोकावर फिरवायला लावायचं. दोघांचं एक आलं तरच लिहायचं. हे काम उन्हाळ्यात पंखाच्या आत हात घालून करताना घामानं प्रोब निसटतो आणि वरून कोणीतरी विचारत असतं विमान कधी देणार. डोळ्याला दिसणाऱ्या खुणा पण असतात, रिव्हेटच्या मागे हवेच्या दिशेने काळा ओघळ दिसला की समजायचं तो सैल झालाय आणि आत धातूवर धातू घासतोय. नवीन पोरांना मी आधी नुसतं फडकं आणि टॉर्च देऊन फिरवायचो, मशीन नंतर.

पण तपासणी तिथेच होते जिथे बघायचं असं कोणीतरी आधी ठरवलेलं असतं, आणि खरी भीती तिथे आहे. नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेत मिसूरी एअर नॅशनल गार्डचं एक एफ-१५सी सरावात हवेतच दोन तुकडे झालं, कॉकपिटसकट पुढचा भाग वेगळा. पायलट वाचला. कारण निघालं कॉकपिटजवळचा वरचा लाँजरॉन, म्हणजे सांगाड्यातली लांब आडवी पट्टी. ड्रॉईंगप्रमाणे तिची जाडी साधारण २.३ ते २.८ मिलिमीटर हवी होती, तुटलेल्या तुकड्यात काही ठिकाणी जेमतेम १ मिलिमीटर भरली. कारखान्यात घासताना जास्त घासली गेली होती, आणि त्या पातळ, ओबडधोबड जागी क्रॅक वर्षानुवर्षं वाढत राहिला. विमान १९८० च्या आसपासचं, म्हणजे पंचवीसेक वर्षं ते तसंच उडत होतं आणि कोणाच्या तपासणीच्या यादीत ती जागा तशी नव्हतीच. सगळा ताफा जमिनीवर उभा केला तेव्हा आणखी विमानांत तसेच पातळ लाँजरॉन निघाले.

नवीन विमानाचं पण होतं. डिसेंबर १९६९ ला नेवाडात एफ-१११ चा पंख मुळातून निखळला, विमान शंभरेक तासच उडालेलं होतं. पंख मागेपुढे फिरवायचा जो स्टीलचा सांधा, त्याच्या फोर्जिंगमध्येच भेग राहिलेली. त्यानंतर अमेरिकेनं विचारच बदलला, भाग निर्दोष आहे असं धरायचंच नाही, त्यात भेग आहे असं धरूनच हिशोब करायचा आणि ती जीवघेणी व्हायच्या आत दोनदा तरी हाताला लागेल अशी तपासणीची वेळ ठरवायची. आणि एफ-१११ चं प्रत्येक विमान उणे ४० डिग्रीला गार करून त्यावर मोठा भार टाकून बघायला लागले. गार स्टील ठिसूळ होतं, मोठी भेग असेल तर ते तिथेच जमिनीवर तुटेल, हवेत नाही. मला आजपण ही सगळ्यात प्रामाणिक तपासणी वाटते. जुन्या सोव्हिएत विमानांचा हिशोब वेगळा, आधी पूर्ण सांगाड्याची फटीग टेस्ट करायची, त्यातून मिळालेल्या आयुष्याला मोठ्या आकड्याने भागायचं आणि तेवढं झालं की विमान थांबवायचं, क्रॅक दिसो न दिसो. त्यामुळे 'अजून तर ठणठणीत आहे' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. वाढवायचं असेल तर परत टेस्ट, परत उत्पादकाचा होकार, बऱ्याच वेळा एखादं विमान पूर्ण उघडून बघायचं.

तिसरा मीटर, कॅलेंडर, हा लोकांना सगळ्यात कमी पटतो. विमान हँगरमध्ये उभं असताना कसलं म्हातारं होतं? तर होतं. अॅल्युमिनियम थराथरानं फुगतं, रिव्हेटभोवती स्किन उशीसारखी वर आलेली दिसली की आत पापुद्रे सुटलेत समजा. मैदानी बेसला त्रास कमी, समुद्रकाठी जास्त, गोव्याला दाबोळीवर नौदलाची विमानं असतात त्यांना खाऱ्या हवेचं रोजचंच भांडण, धुणं आणि पुसणं हा तिथे मेंटेनन्सचा मोठा भाग आहे. गंजाला कमी समजू नका, डिसेंबर २००८ ला रशियात एक मिग-२९ पडलं, शेपटीचा उभा पंख हवेत तुटला, मुळाशी गंज. ताफा थांबवून बघितलं तर बऱ्याच विमानांत तेच. आणि धातू तरी दिसतो. रबराचे सील, होस, इंधनाच्या रबरी टाक्या, सीलंट, वायरवरचं आवरण, हे वयानं कडक होतं, भेगाळतं, आणि हे सगळं विमानाच्या आत असं भरलेलं असतं की एक बदलायला दहा काढावे लागतात. ब्रिटिशांचं निमरॉड एक्सव्ही२३० हे टेहळणी विमान सप्टेंबर २००६ ला अफगाणिस्तानात जळून पडलं, चौदा माणसं गेली, सांगाड्याला काही झालेलं नव्हतं, हवेत इंधन भरून झाल्यावर गळती आणि शेजारून जाणारा गरम पाईप. नंतर आलेल्या चौकशी अहवालाने जुन्या विमानाची सुरक्षितता कागदावरच गृहीत धरली होती असे वाभाडे काढले.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर लहान आकाराचा रडारवरचा फायदा वाटतो त्यापेक्षा कमी, मॅक २ ठरावीक परिस्थितीपुरता, आणि सांगाड्याचं आयुष्य या दोन्हीशी संबंध नसलेल्या तीन मीटरवर. आता हे बायसनला लावू.

आपल्याकडे मिग-२१ १९६३ ला आलं, ओझरचा एचएएलचा कारखाना त्याच्यासाठीच उभा राहिला, नाशिककरांना वेगळं सांगायला नको. बायसन म्हणजे नवीन विमान नव्हतं, मूळ बिसपैकी १२५ विमानं घेऊन १९९६ च्या कराराप्रमाणे त्यात कोप्यो रडार, आर-७७ आणि आर-७३ मिसाईल, नवीन कॉकपिट वगैरे घातलं. सांगाडा तोच. बिस इथे १९८० च्या दशकापर्यंत बनली, म्हणजे सगळ्यात तरुण विमान पण २०२५ ला चाळिशीच्या घरात. रडार नवीन बसवलं तरी ते त्या नाकातल्या शंकूत मावलं पाहिजे, त्यामुळे अँटेना मोठा करता येत नाही, आणि अँटेना छोटा म्हणजे पल्ला छोटा. आजचं एईएसए रडार (अँटेना न हलवता लहर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वळवणारं) बसवायचं तर वीज जास्त, थंड ठेवायची सोय जास्त, त्यासाठी जनरेटर, पाईप, जागा, वजन. इंधन आधीच कमी. एक गोष्ट घालायला दुसरी काढावी लागते. त्यात इंजिनाचे आणि बाकीचे सुटे भाग, बनवणाऱ्या लाईन बंद झालेल्या, मग एक विमान उभं करून त्याचे भाग दुसऱ्याला, आमच्याकडे याला रॉबिंग म्हणायचे. रॉबिंगमध्ये एक काम दोनदा होतं, काढताना एकदा आणि बसवताना एकदा, आणि प्रत्येक वेळी जुने बोल्ट, जुने कनेक्टर हाताळले जाऊन आणखी खराब होतात. कागदावर ताफा सोळा विमानांचा आणि सकाळी लाईनवर उभी किती, हा आकडा स्क्वाड्रनमधल्या माणसाला विचारा.

मग एवढी वर्षं का ओढली, हा खरंतर तुमच्या उलटा प्रश्न आहे आणि तो जास्त योग्य आहे. उत्तर साधं आहे, तेजस वेळेवर आलं नाही. मार्क-१ए चा ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. मिग गेल्यावर स्क्वाड्रन २९ वर आल्या, मंजूर आहेत ४२. कमांडरच्या जागी बसून बघितलं तर एखादं जुनं विमान असणं हे विमान नसण्यापेक्षा बरं असा विचार होतोच, त्याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. पण त्या विचाराची किंमत हँगर आणि पायलट भरतात.

आयुष्य वाढवणं सरसकट वाईट पण नाही. आपलंच मिग-२९ बघा, मूळ २५ वर्षांचं, अपग्रेड करताना ४० वर आणलं, आणि ते काम ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत झालं. तिथे उत्पादक मागे उभा होता, दोन इंजिनं, नाकात मोठ्या रडारला जागा, म्हणजे वाढवलेल्या प्रत्येक वर्षात काहीतरी हाताला लागणार होतं. जग्वारचं मधलंच झालंय. डॅरिन-३ नावाच्या अपग्रेडमध्ये त्याला एईएसए रडार मिळालं, मात्र इंजिन बदलायचा बेत २०१९ ला खर्चापायी बारगळला, आता नवे डोळे आणि जुनीच छाती. कुठल्याही अपग्रेडची बातमी वाचलीत की तीन गोष्टी शोधा: सांगाड्याचं काय केलं, इंजिनाचं काय केलं, आणि भाग कोण पुरवणार. बातमीत फक्त रडार आणि मिसाईल असेल तर बाकीचं झालेलं नाही असं समजायला हरकत नाही.

तेजसच्या स्पीडचं. मॅक २ न गाठणारं तेजस एकटंच नाही, राफेल १.८ आणि एफ-३५ १.६ चं आहे. मॅक २ साठी इनटेक, धातू, इंधन या सगळ्यात जे द्यावं लागतं ते द्यायला आज बरेच जण तयार नसतात, कारण तिथे पोचून करायचं काय? लढाई त्याच्या बरीच खाली होते. तेजसला ३८ चौरस मीटरचा पंख आहे, वजनानं ४५ टक्क्यांच्या आसपास कंपोझिट, म्हणजे धाग्यांचे थर चिकटवून केलेलं साहित्य आहे, ते अॅल्युमिनियमसारखं गंजत नाही. त्याच्या कटकटी वेगळ्या, हातातून पान्हा पडला तर वरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असू शकतात, तिथे एडी करंट घेऊन बसून उपयोग नाही, अल्ट्रासोनिक लागतं आणि नुसतं नाण्यानं टकटक करून आवाज ऐकणारे जुने लोक पण लागतात. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तिथे बनलेलं पहिलं मार्क-१ए उडालं. तिथली नवीन पोरं आता हेच शिकतील.

राहिला ड्रोनचा मुद्दा, आणि तो तुम्ही उगाच नाही विचारला. जुनी लढाऊ विमानं बिनपायलटची करून मिसाईलच्या सरावाला लक्ष्य म्हणून वापरणं हे होतं, अमेरिकेनं एफ-४ चं केलं, आता एफ-१६ चं करतात, चीननं जे-६ ची केलीत. तिथे आयुष्याची अडचण निम्मी होते, कारण थोडेच तास उडायचं असतं आणि तुटलं तर माणूस नसतो. पण ते विमान उडवायला तेच इंजिन, तेच हायड्रॉलिक, तीच माणसं लागतात, म्हणजे ज्या पुरवठ्यानं बायसन बसलं तोच परत सांभाळायचा, वर लोकवस्तीपासून लांबची रेंज आणि तीनशेच्या वर स्पीडनं आपोआप लँडिंग करणारी सिस्टीम. काही चांगले सांगाडे निवडून चार-पाच वर्षांपुरतं जमेल, सगळा ताफा नाही, आणि करायचं असेल तर निर्णय लवकर घ्यायला हवा. विमानं उघड्यावर झाकण घालून उभी राहिली की तिसरा मीटर चालूच असतो, दोन पावसाळे गेले की त्यातली निवडायला कमी उरतात.